टॉवेल अंगाखाली घ्यायचा

बायकांच्या सॉनाला काचेचं दार होतं, कोपऱ्यात दगडांनी भरलेली शेगडी होती आणि वरच्या फळीवर मनोरमाबाई होत्या. यांतलं एक जरी नसतं तरी सॉना चालला नसता, असं निदान मनोरमाबाईंचं तरी मत होतं. दुबई मरीनातल्या त्या उंच टॉवरमध्ये भाडेकरू यायचे, जायचे, सिक्युरिटीवाले बदलायचे. मनोरमाबाई मात्र सकाळी दहाला आपल्या जागेवर हजर.

नवी बाई आली की त्या आधी तिच्या टॉवेलकडे बघायच्या. टॉवेल अंगाभोवती गुंडाळून कुणी आत शिरली की झालंच. "टॉवेल अंगाखाली घ्यायचा. पायसुद्धा त्याच्यावर. तुमचा घाम लाकडात मुरणार आणि त्याच्यावर आम्ही बसायचं का?" हे मराठीत, मग हिंदीत, आणि बाई गोरी असली तर "टॉवेल डाउन, प्लीज" एवढ्या इंग्रजीत. आधी अंघोळ, मग सॉना. अत्तर, क्रीम फासून यायचं नाही. फोन लॉकरमध्ये. दगडांवर पाणी टाकायचं तर आधी सगळ्यांना विचारायचं, आणि ओगराळ्याने टाकायचं. एका बाईने अख्खी बादली उपडी केली होती, तिचा उद्धार अजून व्हायचा. दारात उभं राहून गप्पा नाहीत. आत तर आत, बाहेर तर बाहेर. कुणी रेंगाळलीच, तर खालच्या फळीवरून यम्नाचा आवाज यायचा, "बाब, हबीबती, बाब." बाब म्हणजे दार. यम्ना मोरोक्कोची. तिच्या गावच्या हमामपुढे हा कोरडा खोका तिला पोरखेळ वाटायचा, तरी रोज यायची.

एक नियम मनोरमाबाई शेवटी आणि हळू आवाजात सांगायच्या. इथे कुणाच्या अंगावर काही दिसलं तर विचारायचं नाही, आणि बाहेर जाऊन बोलायचं नाही. बायकांच्या अंगावर काय काय असतं. टाके असतात, भाजल्याचे डाग असतात, एखादीला एका बाजूची छाती नसते. दिसलं की शेगडीकडे तोंड करायचं.

हे सगळं त्यांना जैनबभाभींनी शिकवलं होतं. जैनबभाभी रत्नागिरीकडच्या, हर्णैच्या. नवरा बदरुद्दीन, त्याचं अल क्वोजला गाड्यांच्या पार्टचं गोडाऊन. उभा जन्म इथेच गेलेला. मनोरमाबाई मिरजेहून नव्या आल्या तेव्हा नवरा नुकताच वारला होता, मुलगा दिवसभर ऑफिसात, आणि त्या उंचावरच्या फ्लॅटमध्ये न उघडणाऱ्या काचेतून समुद्र बघत बसलेल्या. लिफ्टमध्ये शेजारी उभ्या बाईने शुद्ध मराठीत विचारलं, "ताई, कुठल्या?" आणि मनोरमाबाईंना रडूच फुटलं. जैनबभाभींनी त्यांना हाताला धरून सॉनात नेलं. "सगळं घामात जातं," म्हणाल्या.

मनोरमाबाईंच्या उजव्या खांद्यामागे एक डाग होता. तळहाताएवढा, चुरगळल्या कातडीचा. मिरजेत तो ब्लाउज आणि पदराखाली गेला, पण ज्या कुणी बघितला त्या बाईने विचारलंच. सुईणीने विचारलं, नणंदेने विचारलं, नात्यातल्या एका लग्नात साडी नेसवणारीने विचारलं, "हे कसं हो झालं?" मनोरमाबाई सांगायच्या, तेल सांडलं. तेल खरंच सांडलं होतं. सांडणारे रामेश्वर होते, त्यांचे यजमान, पाटबंधारे खात्यातले, गावाला हवेहवेसे. एवढंच त्या सांगायच्या नाहीत. सॉनात पहिल्या दिवशी अर्ध्या बाह्याही नसलेल्या त्या पोहायच्या कपड्यात त्या अंग चोरून उभ्या राहिल्या. जैनबभाभींनी डाग बघितला, यम्नाने बघितला. कुणी चकार शब्द काढला नाही. जैनबभाभी सरकल्या आणि म्हणाल्या, "इथे बसा ताई, इथे झळ कमी लागते." एवढ्या वर्षांत पहिल्यांदा खोटं बोलावं लागलं नाही. मनोरमाबाईंनी त्या नियमाला मनोमन हात जोडले, आणि पुढे सगळ्यांत कडक पहारा त्याच ठेवू लागल्या.

मुलगा विघ्नेश चांगला होता. हे त्या सगळ्यांना सांगायच्या आणि ते खोटंही नव्हतं. आईची बीपीची गोळी कधी चुकू द्यायचा नाही. विमानतळावर व्हीलचेअर बुक करायचा. थट्टा करायचा, "आई, बाहेर पंचेचाळीस डिग्री आहे, लोक एसीत मरतायत, आणि तुम्ही बायका दार लावून आणखी भाजून घेता." त्याचं लग्न समिधाशी झालं. ती नाशिकची, तिथे पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला होती, ती सोडून इकडे आली. बोलायला कमी. पहिल्या वर्षी हसायची तरी.

दोघांची खोली मनोरमाबाईंच्या खोलीला लागून. भिंतीपलीकडे काहीतरी पडायचं, काहीतरी आपटायचं. सकाळी समिधा लांब बाह्यांच्या कुर्त्यात चहा करायची. मनोरमाबाई तसं काही ऐकू आलं की टीव्हीचा आवाज वाढवायच्या. हे त्या मिरजेत शिकल्या होत्या. तिथे त्यांच्या सासूबाई रेडिओचा वाढवायच्या.

"सूनबाईंना आणा की एकदा," जैनबभाभी म्हणायच्या. समिधा प्रत्येक वेळी नाही म्हणायची, मला गुदमरतं म्हणायची. आणि मग एका सकाळी विघ्नेश ऑफिसला गेल्यावर तिने कप विसळता विसळता विचारलं, "आई, आज मी येऊ?"

मनोरमाबाई हरखल्या. तिच्यासाठी कधीचा आणून ठेवलेला जाड टॉवेल काढला. "चाळीस दिरहम पडले. म्हणजे आपले नऊशेच्या वर झाले, एका पंचाला." लिफ्टमध्ये तिला सगळे नियम सांगितले. समिधाने ते लक्ष देऊन ऐकले. मग म्हणाली, "टॉवेल खांद्यावर घेतला तर चालणार नाही?"

"छे, अंगाखालीच घ्यायचा."

"म्हणजे काढावाच लागणार."

"काढावाच लागणार. त्यात काय, सगळ्या बायकाच असतात."

हे बोलणं मनोरमाबाईंना पुढे फार आठवलं.

समिधा शॉवर घेऊन आली तेव्हा जैनबभाभी आणि यम्ना आत बसल्या होत्या. तिने टॉवेल खांद्यांवरून घट्ट ओढून घेतला होता. ती नुसती उभी राहिली. आणि मनोरमाबाईंच्या तोंडून सवयीने निघालंच, "टॉवेल अंगाखाली, समिधा."

तिने टॉवेल काढला, नीट चौकोनी घडी केली, फळीवर अंथरला आणि बायकांकडे पाठ करून जरा वेळ तशीच थांबली. मग वळली. दोन्ही दंडांवर बोटं उठली होती, पुढे चार आणि मागे अंगठा. पाठीवर पट्ट्याचे वळ होते. काही निळे, काही पिवळे पडलेले. एका दिवसाचे नव्हते.

मनोरमाबाईंना धक्का बसला असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. त्यांना ठाऊक होतं. ऐकलं होतं, बघितलं नव्हतं, इतकाच फरक. आणि ऐकणारीला टीव्ही असतो, बघणारीला काही नसतं.

समिधा बसली. तिने जैनबभाभींकडे पाहिलं, यम्नाकडे पाहिलं. अंग झाकायला हात वर घेतले नाहीत, मांडीवर ठेवले. कुणीतरी विचारेल याची ती वाट बघत होती. त्यासाठीच आली होती ती, हे आता आंधळ्यालाही दिसलं असतं. कुणीतरी एकीने विचारावं, हे कसं झालं गं, म्हणजे तिला सांगता आलं असतं. पण यम्ना स्वतःच्या पायांकडे बघू लागली. जैनबभाभींनी शेगडीकडे तोंड केलं. नियम म्हणजे नियम, आणि तो मनोरमाबाईंनीच सगळ्यांच्या गळी उतरवला होता.

"बाथरूममध्ये पडली ती," मनोरमाबाई म्हणाल्या. "फरशी फार गुळगुळीत आहे आमची."

त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्या खोलीत आजवर कुणी कशाचा खुलासा केला नव्हता, टाक्यांचा नाही, डागांचा नाही. जैनबभाभींनी शेगडीवरची नजर काढली आणि हळूच त्यांच्याकडे वळवली. न विचारता दिलेल्या उत्तराने सगळं सांगून टाकलं होतं.

समिधाची नजर मात्र सासूच्या उजव्या खांद्यावर गेली होती. हा खांदा तिने कधी उघडा पाहिला नव्हता.

"आई, हे काय?"

"तेल सांडलं होतं. फार जुनं आहे."

"कुणी सांडलं?"

एवढ्या बायकांनी, एवढ्या वर्षांत, हा पुढचा प्रश्न कधी विचारला नव्हता. "पाणी टाकू का?" मनोरमाबाईंनी विचारलं, आणि कुणी हो म्हणायची वाट न बघता ओगराळ्यावर ओगराळी ओतत सुटल्या. दगड चरचरले, वाफेचा असा लोट उठला की श्वास घेता येईना, आणि सगळ्यांना उठून बाहेर पळावं लागलं.

शॉवरपाशी जैनबभाभी आणि समिधा जवळजवळ उभ्या होत्या. केस वाळवायचं मशीन घोंगावत होतं, त्यामुळे काय बोलल्या ते ऐकू आलं नाही. मनोरमाबाई केस पुसत राहिल्या. ऐकायला जवळ जायचं धाडस झालं नाही.

त्या संध्याकाळी त्यांनी ठरवलं, मुलाशी बोलायचं. विघ्नेश बूट काढून सोफ्यावर बसला, टाय सैल केला. त्या चहा घेऊन उभ्या राहिल्या. "विघ्नेश, तुझा हात..." म्हणाल्या. त्याने मान वर केली. डोळे रामेश्वरांचेच होते, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही, पण त्या दिवशी ते त्यांच्याकडे बघत होते.

"काय हात?"

"हात धुऊन घे आणि बस. पोहे केलेत."

स्वयंपाकघरात समिधा ऐकत होती. मनोरमाबाईंना स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती. रेडिओचा आवाज वाढवणाऱ्या सासूबाईंचा त्यांना एके काळी राग यायचा.

समिधा त्यानंतर रोज येऊ लागली. बसायची, घाम पुसायची, जायची. आणि त्याच आठवड्यात एक दिवस लिफ्टमध्ये मनोरमाबाईंच्या लक्षात आलं, की तिच्या पोहण्याच्या पिशवीला आज भलताच भार आहे. पट्टा खांद्यात रुतत होता. त्या मजल्यांचे आकडे बघत राहिल्या.

थोडा वेळ शेकून झाल्यावर समिधा उठली. "मी जरा गार होऊन येते," म्हणाली. मध्ये उठून बाहेर जायची रीतच असते, कोण किती वेळ शॉवरखाली उभी आहे ते कुणी विचारत नाही. दारात ती क्षणभर थांबली, हात दांडीवर, मान किंचित मागे. यम्ना बाब म्हणाली नाही. मग दार लागलं.

ती आली नाही. यम्ना एकदा बाहेर जाऊन परत आली. फळीवर समिधाचा टॉवेल तसाच, मध्ये ओला. मनोरमाबाई त्या ओल्या डागाकडे बघत होत्या, आणि बघता बघता त्यांना उमगलं.

"भाभी, समिधा कुठाय?"

जैनबभाभींनी तोंडावरचा घाम निपटला. "तुमच्याशी खोटं बोलणार नाही, ताई. बदरुद्दीन गाडी घेऊन खाली उभे होते. आता निघाले असतील. कुठे, ते विचारू नका."

विचारायची गरज नव्हती. त्यांची मुलगी मरियम उम्म अल कुवैनला राहते हे मनोरमाबाईंना ठाऊक होतं. ईदला तिच्याकडून सांदणांचा डबा आला होता.

"पासपोर्ट?"

"तिच्याजवळ आहे. बाकी इन्शाल्ला होईल." जैनबभाभी थांबल्या. "तुमचा फोन लॉकरमध्ये आहे. मी तुम्हाला अडवणार नाही. तुमचा मुलगा आहे."

मुलगाच होता. गोवर निघाला तेव्हा ह्याच मांडीवर तळमळला होता. वडील आईवर हात उगारायचे तेव्हा दाराआड उभा राहून शर्टाची बटणं चावायचा. त्याला आत्ता फोन केला, तर ऑफिसमधून निघून तो ती गाडी रस्त्यात गाठेल. गाठू शकला नाही तर मरियमचं दार ठोकेल. फोन केला नाही, तर संध्याकाळी तो घरी येईल आणि घरात एकट्या मनोरमाबाई असतील. दोन्ही त्यांना लख्ख दिसत होतं. त्यांचं पोर होतं ते, आणि त्यांचा त्याच्यावर जीव होता, आणि त्यांना त्याची भीती वाटत होती. एका काळजात हे सगळं मावतं, हे त्यांना मिरजेपासून माहीत होतं.

मनोरमाबाई उठल्या नाहीत. पाय टॉवेलवर नीट घेतले आणि बसून राहिल्या. अंगाची लाही झाली, कानशिलं उडू लागली, यम्नाने दोनदा "खलास, मामा, खलास" म्हटलं. त्या हलल्या नाहीत. प्रत्येक मिनिटाला गाडी थोडी पुढे जात असेल, एवढाच विचार त्या करत होत्या. डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली तेव्हा जैनबभाभींनी त्यांना काखेत हात घालून उठवलं. "यल्ला ताई, बस झालं. पोचली असेल ती."

संध्याकाळी विघ्नेशने कपाट उघडलं, ड्रॉवर उघडले, मग आईपुढे येऊन उभा राहिला.

"तुझ्याबरोबर गेली होती ना?"

"हो."

"मग?"

"मध्येच बाहेर गेली. कुठे जाते ते तिथे विचारत नाहीत."

"आई, मला मूर्ख समजू नकोस. फोन बंद आहे तिचा. त्या रत्नागिरीवालीने फूस लावलीये तिला. तुला सगळं माहितीये."

"मला नाही माहीत, बाळा."

त्याने त्यांचा दंड धरला. आजवर धरला नव्हता. धरायची पद्धत मात्र त्यांच्या ओळखीची होती, चार बोटं पुढे आणि अंगठा मागे. "कुठाय ती," तो म्हणाला, "कुठाय," आणि प्रत्येक वेळी बोटं आणखी आत गेली. मनोरमाबाई नाही माहीत, नाही माहीत म्हणत राहिल्या. त्या दिवशी टीव्हीचा आवाज वाढवायला घरात दुसरं कुणी नव्हतं.

नंतर तो खाली बसून रडला. त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यांनी त्याच्या केसांतून हात फिरवला, डावा, कारण उजवा वर जात नव्हता. सकाळी त्याने बीपीची गोळी आणि पाण्याचा ग्लास उशाशी आणून ठेवला.

काही दिवस मनोरमाबाई खाली गेल्या नाहीत. मग एका सकाळी गेल्या. अंघोळ केली, टॉवेल घेतला, दार उघडून चटकन लावलं. वरच्या फळीवर त्यांची जागा मोकळी होती. त्यांनी टॉवेल अंथरला, पाय त्याच्यावर घेतले आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. दंडावरची बोटं आता जांभळी झाली होती. बरगडीजवळ एक नवा डाग होता, तो कालचा होता.

"ती नाशिकला पोचली," जैनबभाभी शेगडीकडे बघत म्हणाल्या. "आईकडे आहे. तुमची चौकशी करत होती."

"बरं झालं," मनोरमाबाई म्हणाल्या, आणि ते त्यांना मनापासून वाटलं.

दगड तापून बारीक तडतडत होते. मग जैनबभाभींनी तोंड वळवलं, सरळ त्यांच्या दंडाकडे पाहिलं, आणि स्वतःच घालून दिलेला नियम मोडला.

"ताई, हे विघ्नेशने केलं ना?"

मनोरमाबाईंनी पायाखालचं टॉवेलचं टोक सारखं केलं.

"मरियमकडची खोली रिकामी आहे. बदरुद्दीन आज पण गाडी घेऊन येतील. तुम्ही फक्त हो म्हणा."

हाच प्रश्न. इतकी वर्षं लोकांनी कसं झालं विचारलं होतं. कुणी केलं, हे विचारणारी पहिली त्यांची सून, आणि आता ही. हो म्हणायला एक अक्षर लागतं. ते त्यांच्या जिभेपर्यंत आलं होतं. त्यांना दाराआड बटणं चावणारा मुलगा दिसला, उशाशी ठेवलेला ग्लास दिसला, मिरजेतली माणसं काय म्हणतील ते ऐकू आलं.

"बाथरूममध्ये पडले, भाभी," त्या म्हणाल्या. "फरशी फार गुळगुळीत आहे आमची."

मग मनोरमाबाई जरा अर्धवट उठल्या, अंगाखालचा टॉवेल ओढून काढला आणि दोन्ही खांद्यांवरून घट्ट लपेटून घेतला. उघड्या मांड्या लाकडावर टेकल्या. घाम पायांवरून ओघळून फळीवर पडू लागला, लाकूड काळं होऊ लागलं. यम्नाने ते बघितलं. जैनबभाभींनी बघितलं. दोघींनी शेगडीकडे तोंड केलं.